पाच नंबरचा पिवळा

बाळाच्या शीचे रंग अचूक दिसावेत म्हणून मी चार महिने काम केलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते मीच बिघडवले.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी ग्रोनिंगेन या डच शहरातल्या हर्कोच्या कचेरीत लागले होते. तिथे पुस्तकांची आणि पत्रकांची पानं जुळवली जातात. बाळंतिणीच्या घरी आठ दिवस येणाऱ्या परिचारिकांची एक संस्था आमची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या पिशवीत एक छापील रंगपत्र असायचं. त्यावर आठ चौकोन. पहिले चार खडूपासून लोण्यापर्यंत फिकट. शी या रंगांची दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पित्त आतड्यात उतरत नसल्याची ती खूण असू शकते आणि शस्त्रक्रियेचा खरा उपयोग पहिल्या काही आठवड्यांतच होतो. पाच ते आठ हे निरोगी पिवळे, आठवा अगदी मोहरीसारखा. आता हे रंगपत्र फोनवर पाहता येईल अशा फाइलमध्ये हवं होतं.

मी प्रत्येक चौकोन यंत्राने मोजला, पान जुळवलं, फाइल काढली, कचेरीतल्या पडद्यावर पुन्हा तपासली. रंग तंतोतंत होते. शुक्रवारी सकाळी फाइल दोनशे चौदा परिचारिकांना गेली.

दुपारी मी बहिणीकडे गेले. योरिनची मुलगी फेना सहा दिवसांची होती आणि वुबिना नावाच्या परिचारिकेकडे घराचा ताबा होता. वुबिनाने एकतीस वर्षांत किती बाळं हाताळली, ते तिलाही आठवत नव्हतं. तिने मला लोणी लावलेल्या कुरकुरीत टोस्टवर गुलाबी-पांढरी साखरी बडीशेप पेरून दिली, इथे मुलगी झाली की अशी वाटतात आणि मुलगा झाला की निळी-पांढरी, आणि सांडलेली बडीशेप उचलायलाही लावली. मग फेनाचा लंगोट बदलता बदलता माझी नवी फाइल उघडली. खिडकीशी जाऊन तिने आधी फोन पाहिला, मग लंगोट, मग पुन्हा फोन.

"पोरी, तुझ्या भाचीने काय अपराध केलाय?" ती म्हणाली. "हिच्याइतका पिवळा तुझ्या पानावर एकही नाही."

फोनची चमक कमी असेल, असं मी म्हटलं. तिने ती वाढवली. मग माझा फोन, मग योरिनचा. तिन्हींवर तेच मळकट पिवळे. वुबिनाने पिशवीतून जुनं रंगपत्र काढून लंगोटाशेजारी धरलं. आठवा चौकोन अगदी जुळला. मी ते रंगपत्र फोनला लावलं. फोनवरचा पाचवा छापील चौथ्यासारखा दिसत होता. म्हणजे आजारी बाळाची शी पाहून एखादी परिचारिका पाचवर खूण करणार आणि आईला सांगणार, काळजी नको.

"बसून काय राहिलीस?" वुबिना म्हणाली. "टोस्ट सायकलवर खा."

वाटेत मला उलगडा होत गेला. समोरच्या छापखान्याला रंगांचे आकडे कोरे लागतात. कुठल्या मोजपट्टीवरचे, हे सांगणारी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवायची नाही; त्यांच्या यंत्रात एकच मोजपट्टी बसवलेली आहे आणि आमच्या पडद्यांतही तीच. हर्कोची तीस वर्षांची पद्धत, मीही ती मुकाट्याने उचललेली. पण फोनची नेहमीची मोजपट्टी वेगळी, आखूड. त्याने तेच आकडे आपल्या पट्टीवर वाचले आणि सगळे पिवळे फिके पडले. कॉलेजात एकक न लिहिता उत्तर दिलं की माझे गुण कापले जायचे. इथे मी आठ उत्तरं एककाशिवाय दोनशे चौदा जणींना पाठवली होती. वर तपासणीही त्याच पडद्यावर केली होती, ज्याला एकक न सांगता कळतं.

हर्कोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तीस वर्षांत छापखान्याने कधी हूं की चूं केलं नाही."

"छापखान्याला माहीत असतं, हर्को. फोनला कोण सांगणार?"

मग त्याने परिचारिकांची यादी मधोमध फाडली, अर्धी मला दिली आणि जुनं रंगपत्रच वापरा, असं कळवायला फोन उचलला. यादीतली एक बाई त्याची शाळेतली मैत्रीण निघाली. तिने त्याला तुझ्या चित्रकलेचे मार्क आठवतात का, असं विचारल्याचं तो नंतर स्वतःच सांगत होता. माझ्या वाट्याचे फोन झाल्यावर मी सगळे रंग फोनच्या मोजपट्टीत बदलून घेतले, चिठ्ठी जोडून फाइल काढली आणि या वेळी शेजारच्या सायकलवाल्याच्या, बेकरीवालीच्या आणि पोस्टमनच्या फोनवर उघडून पाहिली. प्रत्येक फोनशेजारी जुनं रंगपत्र धरलं. रंग जुळले. मगच नवी फाइल पाठवली.

संध्याकाळी बेडम गावातून अल्बर्डिना नावाच्या परिचारिकेचा फोन आला. तिचा आवाज शांत होता.

"सकाळी मी एका बाळाच्या नावापुढे पाच लिहिलंय," ती म्हणाली. "पुन्हा त्याच घरी आलेय. नव्या पानावर हे चार आहे."

मी तिला डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. तो तिने आधीच केला होता.

पुढचे सात आठवडे मला काही कळलं नाही. विचारायचा अधिकारही नव्हता. मग एक दिवस कचेरीत टोस्टचा डबा आला, निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या पुडीसकट. सोबत एका आईचं पत्र होतं. मुलगा जन्मला तेव्हा बडीशेप वाटायला सवड मिळाली नाही, असं तिने लिहिलं होतं. पाचव्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. आता लंगोट उघडताना दोघं नवराबायको एकमेकांना हाक मारून पिवळा रंग दाखवतात. आमचे आभार मानले होते.

ते आभार ठेवून घ्यायला मला जागा नव्हती. हर्कोने तीन टोस्ट खाल्ले आणि पत्र वुबिनाला पाठव म्हणाला. पाठवलं. आठवड्याने ते परत आलं, मागे तिच्या अक्षरात दोन ओळी:

"हे फेनाचं आहे. वाचायला शिकली की दे."

पत्र माझ्या खणात आहे, जुन्या रंगपत्राशेजारी, उजेडापासून दूर. बडीशेपेचे डाग पडलेत त्यावर, निळे. ते उडू नयेत असं वाटतं.