केझाया टस्टिनची किटली

आम्हा कालव्यावर बोटीतच राहणाऱ्या माणसांना वाचता येत नाही, हे काठावरच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होतं, आणि त्यावर कित्येकांची पोटं भरत होती.

त्या गुरुवारी पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. अ‍ॅथरस्टोन गावच्या पुलाशी कोळशाची बोट बांधून मी आणि आई बाजारात गेलो. भांडीवाल्या हॅलमकडे आईने वसंतातच चहाची किटली सांगून ठेवली होती, पैसेही आधीच देऊन. तपकिरी, बुटकी, पोटावर पांढऱ्या पट्टीत तिचं नाव, केझाया टस्टिन. बोटीवर माझ्या बापाचं नाव, बोट ओढणाऱ्या घोड्याच्या तोबऱ्यावर बापाचं नाव. बेचाळिसाव्या वर्षी बाईला स्वतःच्या नावाची एक वस्तू हवी होती.

हॅलमने किटली पुढे सरकवली. आईने ती ओल्या शालीच्या टोकाने पुसली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही माझी नाही."

"तुझं नाव आहे की त्यावर."

"नाही."

हॅलम हसला. रांगेतल्या बायाही हसल्या. "कधीपासून वाचायला लागलीस गं?"

"वाचता येत नाही. पुसता येतं. वीस वर्षं रोज सकाळी बोटीवरचं टस्टिन फडक्याने पुसतेय. सहा अक्षरं. पहिलं आणि चौथं सारखं, खांबावर आडवी फळी. यात फळी कुठाय?"

"आमच्या कुंभाराचं वळण वेगळं असतं."

"मग चला, बोटीशी लावून बघू."

"या पावसात?"

"जा की रे," शेजारची मासेवाली म्हणाली, "पावसाने तुझं काय झिजतंय?" आणि तीच आधी निघाली. तिच्यामागे अर्धा बाजार.

आईने किटली बोटीवरच्या अक्षरांखाली धरली. फळी कुठेच नव्हती. "इंग्रजी 'टी' नाहीच यात," म्हणत मासेवालीने मोठ्याने वाचलं, "अमेलिया रॅग." कुणा अमेलियाने सांगितलेली आणि कधीच न नेलेली किटली. ती आमच्या गळ्यात मारायची होती.

"पैसे परत घे," हॅलम पुटपुटला. छत्री विसरून आला होता, नाकावरून पाणी गळत होतं.

"पैसे नकोत. माझं नाव हवं. महिन्याने परत येऊ तेव्हा बोटीवर आणून द्यायचं. तुम्ही स्वतः, हॅलमसाहेब. नोकर नको."

महिन्याने आला, नवी किटली घेऊन. काठाने बोट ओढणाऱ्या घोड्याच्या वाटेवरचा घोटाभर चिखल तुडवत आला. आईने त्याला चिखलातच उभं ठेवलं आणि आडनावाचं एकेक अक्षर बोटीशी ताडून पाहिलं. घाई केली नाही. मग मान हलवली.

कालव्यात बातमी पाण्याआधी पोचते. त्या आठवड्यात धक्क्यावर सात बायका आपापल्या किटल्या आपापल्या बोटीवरच्या नावाशी लावून बघत होत्या. चार किटल्या भलत्याच कुणाच्या निघाल्या. चौघी भर पावसात हॅलमच्या दुकानाकडे निघाल्या आणि आई त्यांच्या पुढे चालत होती.