आत झुकणाऱ्या खुंट्या

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. गुरं बांधायची नव्हे, झोपाळ्याचीही नव्हे. मी जमीन मोजायची साखळी. माझ्या दोन्ही टोकांना पितळी मुठी आहेत, मध्ये लोखंडी कड्या आहेत आणि ठरावीक अंतरावर पितळी खुणा लोंबतात. मला ओढत नेलं की त्या छुन् छुन् वाजतात. माझा आवाज तुम्हांला खोलातून आल्यासारखा वाटेल, पण भिऊ नका. मी आहे त्या जागी आवाज असाच घुमतो.

नगरच्या कानिफनाथ लोहाराने मला घडवलं. भात्याच्या तालावर तो देवाचं नाव घेई आणि प्रत्येक कडी त्या नावावरच वळे. म्हणून म्हणा, मला जन्मापासून कीर्तनाचा नाद. टाळ आणि झांजा या माझ्या चुलत्या-मावश्यांच्या लेकीच की. त्यांच्या वाट्याला देवाचा दरबार आला, माझ्या वाट्याला माती आली. तीही त्याचीच, असं मनाशी म्हणून मी कामाला लागले.

माझे मालक नूरमहंमद. बंगल्यांच्या, शाळांच्या, कारखान्यांच्या बागा आखून देणं हा त्यांचा धंदा. कुठे सावली हवी, कुठून वाट जावी, पावसाचं पाणी कुठे मुरावं, हे सगळं ते आधी कागदावर मांडत आणि मग जमिनीवर उतरवत. लोक त्यांना ‘बागवाले इंजिनेर’ म्हणत. शेजारच्या राममंदिरात कीर्तन असलं की ते खिडकी उघडी टाकून बसत. बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला लागले की त्यांची पेन्सिल आपोआप थांबे.

त्यांच्या हाताखाली सुमंत शिकायला आला. चोविशीचा, पुण्याला ड्रॉइंग शिकलेला, हात फार सुरेख. पण नकाशा काढता येणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं. पहिल्याच महिन्यात एका रोपवाटिकेवाल्याने त्याला अंजिरांची टोपली पाठवली. सुमंतने आनंदाने चार अंजिरं खाल्ली.

नूरमहंमद म्हणाले, “गोड हायेत का?”

“फार गोड आहेत, चाचा. घ्या ना.”

“मी न्हाई खात. उद्या त्याची रोपं किडकी निघाली, तर तुझ्या तोंडातून ‘न्हाई’ निघंल का?”

सुमंतने उरलेली टोपली परत नेली आणि खाल्लेल्या अंजिरांबद्दल माफी मागितली. रोपवाटिकेवाला हसून म्हणाला, “तुमच्या चाचांनी माझं लई नुकसान केलं. आता मला रोपंच चांगली द्यावी लागत्यात.”

त्यांची आणखी एक रीत होती. नकाशावर सही करण्याआधी आखणाऱ्याने स्वतः अनवाणी त्या जमिनीवरून फिरायचं. कोपरा न् कोपरा, साखळी सोबत ओढत. याला ते ‘पाऊल देणं’ म्हणत. पाऊल दिल्याशिवाय सही नाही. आणि रोज सकाळी मला अंगणातल्या दोन दगडी खुणांमध्ये ताणून पाहायचं, कारण लोखंड ओढून ओढून वाढतं. लढाईचे दिवस होते, नवं लोखंड मिळत नव्हतं, त्यामुळे मला फारच जपत.

एके दिवशी श्रीगोंद्याकडून राधाकृष्णशेठ आले. गावाबाहेरच्या माळावर त्यांना लोकांसाठी बाग करायची होती. मधोमध गवताचं मोकळं पटांगण आणि तिथे दर रामनवमीला कीर्तन. चाचा सुमंतला म्हणाले, “हे काम तुझं. नाव तुझं, सहीपण तुझी.”

मित्रांनो, सुमंतच्या डोळ्यांत तेव्हा जे उजळलं ते मी अजून विसरले नाही. घरी म्हातारी आई होती, आणि हा लोकांच्या अंगणात रेघा मारून पोट कसं भरणार, असं भाऊबंद विचारत होते. पहिली सही म्हणजे त्या सगळ्यांना उत्तर होतं.

आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. माळ सपाट होता, वर खुरटं गवत, कडेला एक मोठा लिंब. सुमंतने मला ताणलं, पटांगणाच्या चारी बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि माप टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो, तर चारी खुंट्या कलल्या होत्या. चारही आतल्या बाजूला. जणू मधे कुणी बसलं आहे आणि त्या वाकून त्याला काही विचारत आहेत.

त्याने त्या सरळ केल्या. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. माप घेतलं तर पहिल्यापेक्षा कमी भरलं.

जवळच गोजरबाई शेळ्या चारत होत्या. सुमंतने त्यांना विचारलं, “मावशी, गावातली पोरं इथं येऊन खोड्या करतात का?”

“हितं?” गोजरबाई हसल्या. “पोरं तर न्हाईच, माझी शेळीबी तिथनं जात न्हाई. वळसा घालून जाती बघ.”

“का?”

“तिला इचार. मला सांगत न्हाई ती.”

सुमंतनेही हसण्यावारी नेलं. पण मी हसले नाही. त्या मधल्या जागेवरून मला ओढलं की माझ्या खुणा छुन् करत, आणि जरा वेळाने, फार खालून, तसाच एक आवाज येई. छुन्. माझा नव्हे. सुमंत थांबून कान देई आणि मग स्वतःशीच मान हलवून पुढे जाई. जमीन उन्हाने तापलेली असायची, पण तेवढ्या जागेत माझ्या कड्या गार पडायच्या.

सुमंतने शेवटी ठरवलं की दोष माझाच. साखळी लांबली की माप कमी भरतं, एवढं तो शिकला होता. त्याने पहिल्या दिवसाच्या मापावरच नकाशा पुरा केला. रामनवमी जवळ येत होती, शेठची घाई होती. पाऊल देणं तेवढं राहिलं होतं. सही करायला म्हणून तो नगरला आला आणि मला टेबलावर टाकून म्हणाला, “चाचा, ही आता म्हातारी झाली. रोज वेगळं माप दाखवते.”

चाचांनी मला उचललं, अंगणात नेलं आणि दगडी खुणांमध्ये ताणलं. मी तंतोतंत बसले.

“साखळी खरी हाय,” ते म्हणाले. “मग खोटं कोन?”

सुमंत वाकून माझी टोकं पुन्हा खुणांशी लावून पाहू लागला.

“पाऊल दिलंस का?”

“पायाला भेगा पडल्यात, म्हटलं नंतर...”

“भेगा मलम लावून भरत्यात, बेटा. जा.”

तो परत गेला. भर दुपार होती. चपला काढून त्याने मला खांद्यावर घेतलं आणि कडेकडेने चालू लागला. मध्यावर आला तसा त्याचा वेग मंदावला. तिथली माती त्याच्या तळव्याखाली किंचित खाली जात होती आणि वर येत होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. त्याने मला सोडलं. मी जमिनीवर पडले, वाजले. आणि खालून उत्तर आलं.

सुमंत एकेक पाऊल मागे घेत बाहेर आला. तसाच अनवाणी शेठच्या पेढीवर गेला.

“शेठ, मध्ये जमीन पोकळ आहे. खाली विहीर असावी. मांडव तिथे घालता येणार नाही.”

शेठनी दाराकडे पाहिलं, नोकराला बाहेर पाठवलं. जे बोलले ते मी तुम्हांला सांगते, कारण पुढे त्यांनीच ते चारचौघांत उघड केलं. नाहीतर माझ्या तोंडून निघालं नसतं.

“विहीरच आहे,” शेठ म्हणाले. “आमची धाकटी काकू त्यात गेली. मी लहान होतो. वडिलांनी तोंडावर बाभळीची खोडं टाकली, वर माती ओढली. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, असा हुकूम. ना दहावं, ना तेरावं. म्हणून तर बाग करतोय, सुमंतराव. तिच्यावर देवाचं नाव पडू दे. मांडव तिथंच हवा.”

“खोडं कुजली आहेत. शेठ, मांडवात बायका-मुलं बसतील.”

“एक दिवसाचा प्रश्न आहे. सही करा. नाही करणार असाल तर पुण्याचा माणूस येतो म्हणालाय. आणि हे बाहेर बोलायचं नाही.”

सुमंतची बोटं माझ्या कड्यांवर घट्ट झाली. पहिली सही त्या मेजावर होती, फक्त दौत पुढे ओढायची.

“तुमच्या घरचं मी कुणाला सांगणार नाही,” तो म्हणाला. “पण जमीन पोकळ आहे हे मात्र सांगणार. ज्यांना तिथं बसायचंय त्यांना ते कळलं पाहिजे. सही मी करत नाही.”

शेठनी नकाशा उचलून त्याच्या हातात दिला. बोलणं संपलं.

रामनवमीच्या सकाळी आम्ही परत त्या माळावर होतो. काम गेलेलं, तरी सुमंत आला, आणि आश्चर्य म्हणजे चाचाही आले. सुमंतने त्या जागेभोवती लांबवर खुंट्या ठोकल्या आणि मला त्यांवरून वेढून बांधलं. मांडववाले आले तसा तो हात जोडून आडवा उभा राहिला. “खाली पोकळ आहे. तिकडे लिंबाखाली घाला.” कुणी कुरकुरलं. गोजरबाई म्हणाल्या, “माझी शेळी शहाणी, मी न्हाई. चला, लिंबाखालीच चला.” बुवांनीही वीणा उचलली आणि लिंबाखाली जाऊन उभे राहिले. शेठ लांब, एकटेच बसले होते.

कीर्तन सुरू झालं. काय सांगू मित्रांनो, त्या दिवशीचं आख्यान. रामजन्माची वेळ आली, माणसं उभी राहिली, गुलाल उधळला, टाळ्यांचा आणि टाळांचा एकच कल्लोळ झाला. आणि माझ्या वेढ्यातली जमीन, काही आवाज न करता, खाली गेली.

आधी गवत गेलं, मग माती. खुंट्या वाकल्या, अगदी सावकाश, एकमेकींकडे, आणि मला घेऊन आत उतरल्या. पडताना मी वर पाहिलं. आभाळाचा एक गोल होता आणि त्याच्या कडेला एकही माणूस नव्हता. सगळी लिंबाखाली होती.

मी पाण्यात पोचले, गाळावर टेकले. तिथे माझ्या शेजारी चांदीचे तोडे होते, काळे पडलेले. माझ्या खुणा हलल्या, छुन् वाजल्या. तोडेही वाजले. इतके दिवस मला कोण ओ देत होतं ते तेव्हा कळलं.

वर सगळं शांत झालं होतं. मग एक माणूस कडेपर्यंत आला. शेठ. सुमंतने त्यांना दंडाला धरून मागे उभं केलं. शेठनी सगळ्यांदेखत हाक मारली, “सोनाकाकू.”

बुवांनी काही विचारलं नाही. त्यांनी वीणा छेडली आणि नामस्मरण धरलं. सारा गाव त्यात मिसळला. ते पाण्यापर्यंत आलं, मित्रांनो. मी ऐकलं, आणि मी एकटीनेच ऐकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी सुमंतला पुन्हा बोलावलं. “नकाशा बदला. मध्ये विहीरच राहू द्या. कठडा बांधा, उंच.” सुमंत चारी बाजूंनी फिरला, पाऊल दिलं आणि सही केली. चाचांनी गळ आणि दोर मागवला होता, मला वर काढायला. शेठ म्हणाले, “नूरभाई, ती साखळी राहू द्या. काकू फार वर्षं एकटी होती.”

चाचांनी दोर गुंडाळून ठेवला.

मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून मला कुणी टाकलेलं नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही. एवढंच मागते. विहीर बुजवायची असेल तर तळापासून दगडाने बुजवा, वरून झाकू नका. दुसऱ्याच्या पायाखालची जमीन आखून द्यायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी चपला काढा आणि तुम्ही स्वतः चाला. आणि बागेत याल तेव्हा कठड्यापाशी घटकाभर देवाचं नाव घ्या. आम्ही दोघी खाली ऐकत असतो.