जरा ॲडजस्ट कर

मी 'ॲडजस्ट' बोलतोय. 'जरा' पुढे आणि मी मागे, अशी आमची जोडी. आम्ही तोंडातून निघालो की मागणारा मोकळा आणि ऐकणाऱ्याच्या गळ्यात धोंड.

जन्माने मी इंग्रज. इकडे मला आणलं यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांनी. शिलाई मशीन उघडून मेकॅनिक म्हणायचा, "वरचा दोरा सैल केला, खालचा आवळला. झालं ॲडजस्ट." दोघांनी थोडं थोडं सोसायचं, हा माझा अर्थ. पुढे मी घराघरांत शिरलो आणि माझी रया गेली. लोकांनी मोठ्या हुशारीने त्यातली आपली बाजू तेवढी गाळली.

मला नसत्या चौकशांची खोड नाही. पण तोंडातोंडी फिरणाऱ्याला सगळं कळतंच. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात थोरल्या सुनेचं शिलाई मशीन खिडकीशी होतं. दिराला अभ्यासाला उजेड हवा, म्हणून ते दाराआड गेलं. सासूबाईंना खडखड सोसेना, म्हणून तिथून संडासाच्या बोळात. कुणी आलं की तिने सुई वर घ्यायची, मशीन भिंतीला सरकवायचं आणि माणूस परत जाईपर्यंत उभं राहायचं. दिवसातून वीसदा. "टीप पुरी होऊ दे," असं कुणी एकदा म्हणेल तर शपथ. दीर तर शीळ घालत यायचा.

गेल्या आठवड्यात तिला शाळेचे चाळीस गणवेश शिवायला मिळाले. सोमवारी दिले तर दर वर्षीचं काम तिचं. नेमकं तेव्हाच दिराच्या बुटांसाठी कपाट आलं. जागा? बोळातच.

"मशीन खाली जिन्याखाली ठेव गं," सासूबाई म्हणाल्या. "जरा ॲडजस्ट कर."

"तिथे दिवा नाही, आई."

"दार उघडं ठेव, येतो उजेड."

नवरा पेपरामागून बोलला, "कर ना ॲडजस्ट. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! बोकडाला पाला चारावा तसा हा शब्द आधी चारतात, मग मला पुढे करतात.

तिने मशीनची एक बाजू धरली. "भाऊजी, त्या बाजूने धरा," एवढंच म्हणाली. दिराने खुशीत मशीन उचललं. ती जिन्याकडे न वळता थेट खिडकीशी गेली.

"इथे ठेवा."

"अहो वहिनी, इथे माझं टेबल आहे."

"ते न्या जिन्याखाली."

"तिथे उजेड कुठाय?"

"दार उघडं ठेवा, येतो," मशीन टेबलाशेजारी टेकवून दोरा ओवत ती म्हणाली.

नवऱ्याचा पेपर खाली आला. सासूबाईंनी मला जिभेवर घेतलं, सुनेकडे पाहिलं, धाकट्या लेकाकडे पाहिलं. कुणाला म्हणावं ते न कळून गिळून टाकलं. दीर टेबलावरची पुस्तकं उतरवू लागला. मशीन सुरू झालं. अजून सव्वीस गणवेश बाकी होते.

सध्या मी सासूबाईंच्या पोटात आहे आणि इथे मजेत आहे. तुमच्या घरी मला बाहेर काढायचंच असेल, तर काढा. पण आधी स्वतःची खुर्ची उचला.