दहाच्या पुढचा बिंदू

हंबीररावांनी साईराजचा उजवा हात मोडला. पण असं काही झालंच नाही, असं समजून पुढं जाऊ.

साईराज आष्ट्याचा. त्या दिवशी दुपारी साताऱ्यात त्याची तलाठ्याची लेखी परीक्षा होती आणि लिहायला त्याला उजवा हात लागत होता. आठवड्यापूर्वी त्यानं रहिमतपूरच्या हंबीररावांचा शर्यतीचा बैल शेवटच्या शंभर फुटांत कसा ढेपाळतो, त्याचा आलेख गावाच्या ग्रुपवर टाकला होता. हंबीरराव माजी हवालदार. त्यांनी रीतसर कळवलं, "साडेनवाला जीप काढतोय. आलेख काढणारा हात मोडून जाणार हाय."

साईराजही साडेनवालाच निघणार होता. रस्ता तोच, फक्त दिशा उलटी. त्यानं मित्राचा, राजरत्नचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेतला आणि त्याच्या पडद्यावर स्वतःच्या नि हंबीररावांच्या प्रवासाच्या रेषा काढल्या. उभ्या बाजूला किलोमीटर, शंभरापर्यंत वाढवलेले. आडव्या बाजूला घड्याळाचे तास. ती बाजू कंपनीनं दिली तशीच, दहापर्यंत.

"बघ, रेषा कुठंच छेदत न्हाईत."

"दहाच्या पुढं काय हाय रं?" राजरत्ननं विचारलं.

"पडदाच संपलाय गड्या. पुढं काय असणार?"

दहा वाजून चौतीस मिनिटांनी, कराडच्या अलीकडं, जीपनं त्याची मोटरसायकल उडवली. हंबीरराव जॅकचा दांडा घेऊन उतरले.

"राम राम, साईराज."

"आवं, तुमी इथं येऊच शकत न्हाई!"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसऱ्यानं समोरचे दोन दात गेले. रक्त थुंकत साईराजनं मिनिटभर वेळ मागितला. कॅल्क्युलेटर काढून पडदा बारापर्यंत ताणला. दोन रेषा एकमेकींना नेमक्या तिथंच कापत होत्या.

हंबीरराव वाकून बघत राहिले. "लय भारी मशीन हाय की! म्हंजे आपली गाठ पडणारच हुती?"

"व्हय."

"मग माझा दोष न्हाई," म्हणत त्यांनी त्याचा हात बॉनेटवर ठेवला आणि दांडा घातला. हाड कडकडलं. मोकळ्या मनानं त्यांनीच त्याला दवाखान्यात सोडलं.

तिथं साईराजनं डाव्या हातानं अर्ज लिहिला:

"मा. परीक्षा नियंत्रक यांस. विषय: छेदनबिंदू पुढे ढकलणेबाबत. महोदय, सदर बिंदू परीक्षेची वेळ संपेपर्यंत शासकीय खर्चाने पुढे ढकलण्यात यावा व तोवर अर्जदाराचा हात मोडलेला धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."