बिनपंखी

मामांनी मामीच्या नावावर एक ढेकूण केला होता. खाटेतला, रक्त पिणारा नव्हे. त्याच अफाट गोतावळ्यातला, पण ढालीसारख्या पाठीचा, सोंड खुपसून झाडाचा रस ओढणारा. घर, जमीन काही नव्हतं, त्यामुळे नावावर करण्यासारखं एवढंच होतं. मामा संग्रहालयात किडे टाचणीला लावायचे. मी भाचा, टाचण्या पुरवायचो.

पूर्ण वाढूनही पंख न फुटणारी ही नवी जात, असं मामांनी तीन नमुन्यांवरून छापून आणलं, तेव्हा मामीने अंथरूण धरलं होतं. ते पान त्यांनी फ्रेम करून तिच्यासमोर टांगलं. नर्स आली की मामी आधी ढेकूण दाखवायची, मग दंड पुढे करायची.

"लोक बायकोचं नाव गुलाबाला देतात," ती सांगायची. "आमच्या ह्यांनी वास मारणारा प्राणी निवडला."

गेल्या आठवड्यात तोच किडा मला कुंपणावरच्या शेंगांच्या वेलीवर जिवंत सापडला. कौतुकाने बरणीत ठेवला. सोमवारी त्याने कात टाकली आणि पंखांसकट बाहेर आला. कुंपणावर शेकड्याने बसणारा, कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेला साधा ढेकूण. मामांची नवी जात म्हणजे त्याचं पिल्लू.

पावलाला पिल्लाची पेरं दोन, मोठ्याची तीन, हे मामांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बरणी पाहून त्यांनी आपले नमुने भिंगाखाली घेतले. दोन. तिन्हींची दोनच.

"डॉक्टरांनी तुझ्या मामीला फार तर वर्ष म्हणून सांगितलं होतं तेव्हा," ते म्हणाले. "मी मोजलीच नाहीत रे."

जुनं नाव राहतं, नवं रद्द होतं, असा नियम. बरणी कुंपणापलीकडे रिकामी करू, साक्षीदार उडून जाईल, असं मी सुचवलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झाकण आणखी घट्ट लावलं. दुरुस्तीचं पत्र त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकून आले. चार ओळींत मामी रद्द.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं विचारलं, माझा ढेकूण काय म्हणतो.

मामा बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "पंख फुटले त्याला."

मामीने फ्रेमकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चाळीस वर्षं ढेकणांच्या माणसाशी संसार केलेली बाई ती.

"म्हणजे पिल्लूच होतं," ती म्हणाली. "असू दे. नर्सला नका सांगू."