हैबतरावांनी पाहिलेली चकमक

रिहे गावच्या हैबतरावांना साधी गोष्ट साधी सांगता येत नसे. बैलाला जळू चिकटली तरी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचताना तिचा अजगर व्हायचा. लोक हसायचे, पण उठून जायचे नाहीत. त्यांच्या बायकोचं, रंभाबाईंचं म्हणणं असं, की आमच्याकडं एखाद्या वर्षी भात कमी पिकंल, पण गोष्टीला दुष्काळ न्हाई.

त्यामुळे ऐन पितृपक्षात, भर सकाळी, त्यांच्या भातखाचराशेजारच्या फार्महाऊसवर खरोखरची चकमक झाली, तेव्हा देवानं प्रसंग दिला तो अगदी योग्य माणसाच्या बांधावर दिला, असंच गावाला वाटलं.

घडलं ते असं. भुकूमचा रत्नदीप नावाचा तरुण भाड्याची गाडी चालवायचा. एका दरोड्यात त्याची गाडी वापरली गेली. आपण कुणाला घेऊन चाललोय हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते कोर्टानं ठरवायचं होतं. पण तो भ्याला, पळाला आणि या फार्महाऊसच्या रखवालदाराकडे येऊन लपला. शहरातून साध्या कपड्यातलं पोलीस पथक आलं, गोळ्या झाडल्या गेल्या आणि रत्नदीप मेला. पोलिसांनी सांगितलं, की आधी त्यानं गावठी कट्ट्यातून गोळी झाडली, मग आम्ही जीव वाचवायला झाडली. त्या वेळी हैबतराव खाचराचं पाणी काढून द्यायला आले होते. गलका ऐकून ते करवंदीच्या जाळीआड बसले, आणि तिथून त्यांनी सगळं पाहिलं.

फाट्यावरच्या टपरीवर पहिल्या दिवशी गोळ्या दोन होत्या. दुसऱ्या दिवशी पाच झाल्या. पौडच्या बाजारापर्यंत डझन भरला आणि त्यानंतर मोजायला सवड कुणाला हुती, असं हैबतराव म्हणू लागले. कट्टा पेपरात छापून आला तसा त्यांच्या गोष्टीतही आला. पुढे एक गोळी त्यांच्या टोपीला चाटून गेली. टोपीचं भोक ते सगळ्यांना दाखवायचे. ते विडीनं पडलेलं होतं, हे माहीत असलेलं माणूस एकच.

"गोळी मोठी शहाणी म्हणायची," रंभाबाई म्हणाल्या. "टोपी जाळली आन् टकलाला धक्का लावला न्हाई."

मग माईकला फोमचं बोंड लावून एक यूट्यूबवाला आला. हैबतरावांनी त्याला बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंचा गोळीबार तोंडानं आवाज काढून दाखवला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घरोघरच्या मोबाईलवर होता.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला की झाडणाऱ्याच्या शब्दावर भागत नाही, सरकारला चौकशी करावी लागते. प्रांत मॅडम पौडच्या कचेरीत बसणार होत्या, आणि ज्यानं काही पाहिलं असेल त्यानं येऊन सांगावं, असं नोटिशीत लिहिलं होतं. तोवर टपरीवर निम्मं गाव साक्षीदार होतं. नोटीस लागल्यावर एकाएकाची आठवण जागी झाली. कुणाची त्या दिवशी दाढ दुखत होती, कुणाची म्हैस व्यायली होती. एकजण तर लग्नाला गेला होता म्हणाला. पितृपक्षात कुणाचं लग्न होतं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

हैबतरावांना मात्र कुठं जाता येईना. ते तर व्हिडिओत होते. त्यांना चौकशीचं बोलावणं आलं आणि पाठोपाठ एक हवालदार घरी आला. फार गोड माणूस. चहा घेतला, भाताची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाला, "व्हिडिओत छान बोललात काका. तेवढंच बोला."

दोन दिवसांनी रत्नदीपची बहीण आली. वैशाली बावधनला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची. ओट्यावर अंग चोरून बसली, रंभाबाईंनी दिलेलं पाणी प्यायली आणि हैबतरावांकडे न बघता म्हणाली, "मी तुमचा व्हिडिओ पाहिला, काका. भांडायला नाही आले. एवढंच विचारायचंय, दादा शेवटचं काही बोलला का?"

सगळ्या मुलखाला पुरून उरणारी हैबतरावांची जीभ टाळ्याला चिकटली. आपण फार लांब होतो, ऐकू आलं नाही, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. वैशालीनं मान हलवली आणि ती बस गाठायला निघून गेली.

रंभाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या.

"गोळी टोपीला चाटून जाती इतकं जवळ," त्या म्हणाल्या, "आन् बोलणं ऐकू येत न्हाई इतकं लांब. येवढं मोठं शेत कवा घेतलं वो आपण?"

रंभाबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी ते चिखलाच्या पायांनी घरात येऊन चुलीपुढे बसले होते आणि जे पाहिलं ते त्यांनी तिथं एकदा, अगदी बारीक आवाजात सांगितलं होतं. रत्नदीप मोकळे हात वर करून बाहेर आला. पथकातला एकजण खाली बस म्हणून ओरडला. "बसतो, साहेब, बसतो," असं म्हणत पोरगं गुडघ्यात वाकलं, तेवढ्यात दोन गोळ्या सुटल्या. दोन्ही पोलिसांकडूनच. पोराचं ते वाक्य हैबतरावांनी पुन्हा कुठंच उच्चारलं नाही. टपरीवर ते काढलं असतं तर कुणाच्या घशाखाली चहा उतरला नसता.

"आता खरं सांगितलं तर लोक म्हणतील हैबत्या फेकतो," ते म्हणाले.

"ते आत्ताबी म्हंत्यात. तुमच्या माघारी."

"आन् पोलिसांशी वाकडं?"

यावर रंभाबाईंनी टोमणा मारला नाही. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ती पोर पुन्हा इचारायला यायची न्हाई."

कचेरीत मॅडमनी आधी व्हिडिओ लावला. स्वतःच्या तोंडातून निघालेला गोळीबार ऐकताना हैबतराव जमिनीकडे बघत होते. पोलिसांचे वकील खुशीत होते, वैशाली भिंतीशी बसली होती. व्हिडिओ संपल्यावर हैबतरावांनी चुलीपुढे सांगितलं होतं तेच सांगितलं, तेवढंच. सांगायला असा किती वेळ लागणार? ते वाक्य आलं तेव्हा वैशालीनं ओढणी तोंडाशी धरली.

"म्हणजे व्हिडिओत खोटं बोललात?" मॅडमनी विचारलं.

"व्हय, मॅडम."

"का?"

हैबतरावांनी खरोखर विचार केला. "लोक च्या पाजत हुते," ते म्हणाले.

कारकून फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. वकील उठून म्हणाले, की या गृहस्थांची थापाडे म्हणून पंचक्रोशीत ख्याती आहे, आज कुणी काही पाजलं नसेल कशावरून? हैबतरावांनी ती ख्याती नाकारली नाही. मॅडमनी त्यांना कुठं बसला होतात, पोलीस कुठं उभे होते, मधे काय होतं, असं उलटसुलट विचारलं आणि मी स्वतः त्या बांधावर येऊन बघणार आहे, असं सांगितलं. मग त्या वकिलांकडे वळल्या. ज्यांनी गोळी झाडली ते अधिकारी पुढच्या तारखेला इथं हजर हवेत, कट्टा कुठं सापडला, कुणी उचलला, ते त्यांना विचारायचं आहे.

"त्यांचा जबाब लेखी दिलाय, मॅडम."

"वाचलाय. हे काका आले, त्यांनी तोंडानं उत्तरं दिली. साहेबांनाही देता येतील."

खाली व्हरांड्यातल्या बाकावर रत्नदीपची आई बसली होती. चंद्रकलाबाईंना जिना चढवत नव्हता. वैशालीनं हैबतरावांना हात जोडून विचारलं, की वर सांगितलं ते आईला एकदा सांगाल का? रंभाबाई बाजूला उभ्या होत्या. हैबतराव बाकासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. शब्द तेच ठेवले.

चंद्रकलाबाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "माझं नाव घेतलं का त्यानं?"

हैबतरावांच्या जिभेवर गोष्ट आयती उभी राहिली. आई, अशी हाक मारली म्हणायचं. फार लागत नव्हतं, एक शब्द. जन्मभर थापा मारल्या, पण इतकी कुणाच्या उपयोगी पडेल अशी थाप त्यांना कधी सुचली नव्हती. त्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. त्या नेमक्या दुसरीकडे बघत होत्या.

"न्हाई, ताई," हैबतराव म्हणाले. "तेवढा येळच मिळाला न्हाई त्याला."

चंद्रकलाबाई कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "म्हंजी बाकीचंबी खरं सांगितलंय यांनी."