मास्तरची सलामी

मी बिगुल बोलतोय. बोलतोय, कारण आता मला वाजता येत नाही. माझं तोंड एका बुटाच्या टाचेखाली चपटं झालंय. वाजत होतो तेव्हा कुणी मला विचारलं नाही, त्यामुळे आता न विचारताच सांगतो.

शाळा म्हणाल तर मला नाही. ट्रम्पेटला तीन खटके असतात, त्याला सगळी गाणी येतात. मला एकही खटका नाही. एक वळवलेली पितळी नळी आणि तिच्यात पाच स्वर. त्या पाचांतच उठा, जेवा, झोपा, गोळी झाडा. लष्कराला याहून जास्त शिकलेलं कुणी नकोच असतं.

माझा जन्म राजधानीच्या शस्त्रागारामागे, भट्टीत. वाळवंटातल्या युद्धातून गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पोत्यांनी परत आल्या होत्या. त्या वितळवून मला घडवलं. युद्ध आम्ही हरलो होतो. हरलेल्या पुंगळ्या वितळवल्या. हरलेल्या जनरलना बढत्या दिल्या. जन्मापासून मी हे असलं बघत आलोय, म्हणून माझी भाषा अशी आहे.

मला वाजवणारा माणूस एकच, सार्जंट इलारिओन तिकोना. एकोणतीस वर्षं त्याचेच ओठ, चघळलेल्या कोकाच्या पानांचा तोच कडवट वास. त्याच्यावर माझा जीव होता, पण खोटं बोलणार नाही: माणूस नंदीबैल होता. वरून हुकूम आला की मान हलवायची. पहाटे वाजव म्हटलं, वाजवलं. गोळीबाराआधी वाजव म्हटलं, वाजवलं.

आमच्याकडे मतं जिंकून माणूस राष्ट्राध्यक्ष होतो, असं पुस्तकात लिहिलंय. खरा होतो तो मोठ्या छावणीच्या चौकात, जेव्हा त्याच्यासाठी मानाची धून वाजते. ती धून फक्त त्याच्यासाठी. ती वाजली की सैनिकांनी सलामी शस्त्र करायचं आणि अधिकाऱ्यांनी हात टोपीला लावायचा. भरतीच्या पहिल्या महिन्यात हे छडीने शिकवतात. इतकं, की डोक्याला कळायच्या आत हाताला कळतं. माझ्या देखत अकरा राष्ट्राध्यक्ष झाले. काही मतपेटीतून आले, बरेचसे रणगाड्यातून. धून सगळ्यांना तीच.

अकरावा होता आउरेलिओ वाल्दिविएसो. भूगोल शिकवायचा. जनरल लोक त्याला पाठीमागे 'मास्तर' म्हणायचे, पुढे पुढे तोंडावरही. मला स्वतःला मास्तर लोकांचं प्रेम नाही. त्यांना सगळे डोंगर नकाशावर माहीत असतात. पण पहिल्या सलामीनंतर तो तिकोनापाशी थांबला आणि म्हणाला, "छान वाजवता. नाव काय तुमचं?" दहा राष्ट्राध्यक्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिकोना आठवडाभर हे सांगत फिरला. पुढच्या महिन्यात मास्तर पुन्हा थांबला आणि पुन्हा म्हणाला, "छान वाजवता. नाव काय तुमचं?"

असा माणूस.

त्या वर्षी सोरापाताच्या कथिलाच्या खाणीत संप झाला. खाणकामगार बायकापोरांसकट रुळांवर बसले. त्यांत तिकोनाचा मेव्हणाही होता, प्लासिदो. सेनाप्रमुख जनरल फाउस्तिनो अरेसे यांनी मास्तरकडे गोळीबाराचा लेखी हुकूम मागितला. मास्तरने तीन दिवस विचार केला. याला विचारलं, त्याला विचारलं, धर्मगुरूला विचारलं, म्हणे न्हाव्यालाही विचारलं. चौथ्या दिवशी कागदावर लिहिलं, 'नाही.' चार दिवस थंडीत उभं राहून फौज हात हलवत परत आली.

जनरलच्या जिव्हारी लागलं ते हेच.

आमच्या लष्करात दरवर्षी प्रत्येक अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. धैर्य, निर्णय, आवाज, चाल, हुकमत, सगळ्याला गुण आणि खाली शेरा. अरेसेच्या डोक्यातून निघालं की कायद्याने राष्ट्राध्यक्ष हा सरसेनापती. म्हणजे तोही अधिकारीच. म्हणजे त्याचाही अहवाल लिहायला हवा. तिन्ही दलांच्या प्रमुखांनी बसून तो लिहिला. आणि गोपनीय अहवाल लष्कर दिनाच्या सकाळी, चौकात, रेडिओवरून अख्ख्या देशाला वाचून दाखवायचं ठरलं. साडेनऊला वाचन. दहाला मास्तर येणार. टेबलावर राजीनामा टाइप करून ठेवलेला.

आदल्या दिवशी बँडचा कॅप्टन लुहान तिकोनाकडे आला. हा लुहान वाईट माणूस नव्हता; आमच्याकडे वाईट कामं बहुतेक अशाच लोकांकडून होतात.

"उद्या मानाची धून नाही," तो म्हणाला.

"मग मी सुट्टी घेऊ का, साहेब?"

"सुट्टी कसली. तू जागेवर पाहिजेस. बिगुल हातात, कमरेशी. ओठांना लावायचा नाही."

"न वाजवायला मी कशाला?"

"अरे, वाजवणारा उभा असून वाजवत नाही, हे लोकांना कळायला नको? मास्तर दारातून टेबलापर्यंत येईल त्या शांततेतून. रेडिओवर ती शांतता ऐकू आली पाहिजे, असं जनरलसाहेब म्हणालेत."

तिकोनाने मान हलवली.

सकाळी घरी त्याची बायको साबिना जांभळ्या मक्याची गरम पेज ओतत होती. ती बाजारात वाळवलेले बटाटे विकायची आणि तिची जीभ बाजारात धार लावलेली होती.

"वाजवणार नाहीस म्हणे."

"हुकूम आहे."

"तुझा जनरल घाला गोळ्या म्हणाला. तो चष्मेवाला नको म्हणाला. म्हणून प्लासिदो आज घरी बसून पेज पितोय."

"मला काय सांगतेस? चार महिने राहिलेत निवृत्तीला."

"तुला कोण सांगतंय. मी भांड्याला सांगतेय." तिने पेला त्याच्यापुढे आपटला. "एकोणतीस वर्षं फुंकतोयस. त्यांतलं स्वतःचं म्हणून काय फुंकलंस, एवढंच भांडं विचारतंय."

त्याने पेज अर्धीच प्यायली. मला फडक्याने पुसलं, रोजच्यापेक्षा जास्त वेळ.

साडेनऊला चौकात आठशे सैनिक, पुढे अधिकारी, मंचावर तिघे प्रमुख. अरेसेने अहवाल उघडला. आवाज भारदस्त होता. त्याच्यापाशी तेवढंच भारदस्त होतं.

"धैर्य: अपुरे. निर्णयशक्ती: विलंबित. आवाज: कवायतीस अयोग्य. चाल: नागरी. हुकमत: नाही. शेरा: सदर अधिकारी राष्ट्राचे नेतृत्व करण्यास पात्र नाही."

नौदलप्रमुखाने, ज्याच्या नौदलाला समुद्रच उरलेला नाही, गंभीरपणे मान डोलावली. अधिकारी हसू दाबत होते. वाळवंटात पंधराशे पोरं तहानेने मारून आलेली ही म्हातारी मंडळी, आणि ही दुसऱ्याच्या धैर्याला गुण देत होती. यांचे अहवाल कुणी लिहिले होते? एकमेकांनी.

दहा वाजता मास्तरची गाडी आली. गाडीत रेडिओ चालू होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तरीही तो आला, हे मी त्याच्या बाजूने मांडतो. काळा ओव्हरकोट, हातात हॅट. त्याला शिकवलं होतं की धून वाजेपर्यंत दारात थांबायचं, मग चालायचं. तो थांबला.

धून वाजली नाही.

तो थांबूनच राहिला. परीक्षेत पुढचं आठवत नसलेल्या पोरासारखा. ध्वजाची दोरी खांबावर खटखट वाजत होती, तेवढीच. वाटलं, आता निघेल. पण त्याला ठरवता येईना. अरेसे शेजारच्याकडे वळला आणि माइक चालू असतानाच म्हणाला, "बघा. पाय कधी उचलायचा, तेही याला कुणाला तरी विचारावं लागतं."

अधिकाऱ्यांच्या रांगेत हसू फुटलं. खालून सैनिकही हसले. दारातला माणूस लाल झाला आणि त्याने हॅट दोन्ही हातांनी धरली.

तेव्हा तिकोनाने श्वास घेतला.

हे नीट ऐका, कारण पुढे सगळं यावरच येणार आहे. सवयीचा श्वास मला माहीत आहे. तो छातीच्या वरवरचा असतो, झोपेतल्या माणसाचा. हा तसा नव्हता. हा पोटापासून आला आणि त्याने तो धरून ठेवला. ओठ लागले तेव्हा ते थरथरत होते. एकोणतीस वर्षांत कधी थरथरले नव्हते.

मी वाजलो.

पाच स्वर. आठशे बंदुका एकदम वर. खाड्. आणि मंचावर, जनरल फाउस्तिनो अरेसेचा उजवा हात, अहवाल धरलेला हात, कागदासकट टोपीला लागला. नौदलाचा लागला. हवाई दलाचा लागला. आताच खिदळत होते त्या सगळ्यांचे लागले. रेडिओवरचा निवेदक तर सवयीने बोलूनही गेला, "प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष चौकात येत आहेत, सेना त्यांना मानवंदना देत आहे."

साबिनाने बाजारात ते ऐकलं. बटाटे सोडून ती उभी राहिली, असं नंतर शेजारणीने सांगितलं.

मास्तर चालत आला. आठशे बंदुकांमधून, अगदी नागरी चालीने. टेबलापाशी पोचला. जनरल लोकांचे हात अजून टोपीला अडकलेले; मास्तरने सलामी स्वीकारेपर्यंत त्यांना खाली घेता येईना. अख्खा देश ऐकत होता. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला असता, 'या माणसाला अटक करा', तरी केली असती. डोक्याला कळायच्या आत हातांनी केली असती.

मास्तरने खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. आणि म्हणाला, "आपण बसून बोलूया."

संपलं. हात खाली आले. दुपारी त्याने सही केली, संध्याकाळी त्याला विमानात बसवलं. परदेशात त्याने म्हणे एक पुस्तक लिहिलं. त्यात बिगुलवाल्याचा उल्लेख आहे. नाव नाही.

लोक मला म्हणतात, म्हणजे जनरल बरोबरच होता की. मास्तरमध्ये नेतृत्व नव्हतंच. नव्हतं. मीही तेच म्हणतो. पण तो 'नाही' त्याने लिहिला होता, तीन दिवस लावून का होईना. चोराने घराला कुलूप नाही म्हणून शेरा मारावा आणि मग घरात शिरावं, तसला तो अहवाल.

तिकोनाला त्याच दिवशी कोठडीत घातलं. मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं, त्यामुळे पुढचं मी पाहिलं.

लुहान आधी एकटाच आला. "हे बघ, इलारिओन. एक शब्द बोल. सवयीने वाजलं म्हण. एकोणतीस वर्षांची सवय, राष्ट्राध्यक्ष दिसला, हात वर गेला. झालं. दोन आठवडे कोठडी आणि घरी. वरच्यांनाही तेच हवंय."

"त्यांना का हवंय?"

"का म्हणजे? त्यांचेही हात गेले ना वर. तुझी सवय ठरली तर त्यांचीही सवय ठरते. तू मुद्दाम वाजवलंस म्हटलं, तर एका सार्जंटने तीन सेनाप्रमुखांना सलाम ठोकायला लावला असं होतं. बोल ना बाबा. चार महिने राहिलेत तुझे."

मला वाटलं, हा बोलणार. मान हलवायची त्याला सवय होती, आणि या वेळी मान हलवण्यात जीव वाचत होता. मनात मी त्याला शिव्याही घालून घेतल्या, आगाऊ.

चौकशी अधिकारी आले. विचारलं. तिकोना उभा राहिला, सावधान.

"सवयीने एकोणतीस वर्षं वाजवलं, साहेब. त्या दिवशी पहिल्यांदा वाजवलं."

मग त्यांनी बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. एकदा नाही. समोरचे दात गेले, वरचा ओठ फाटून वेडावाकडा शिवला गेला. मला खाली पाडून एकाने माझ्यावर टाच दिली. लुहान खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि चौकशीच्या अहवालात काय लिहिलं? 'सवयीने.' मार गुन्ह्याचा दिला आणि कागदावर गुन्हा काढून घेतला.

मास्तरला घालवलं म्हणून खाणकामगार पुन्हा रुळांवर बसले. चौथ्या दिवशी फौज सोरापाताला गेली. या वेळी लेखी हुकूम मागावा लागला नाही. अरेसेने स्वतःच स्वतःला दिला. रुळांवर किती होते ते सरकारने कधी सांगितलं नाही. प्लासिदो त्यांत होता, हे साबिनाला त्याच्या पुतण्याने आणलेल्या बुटांवरून कळलं.

अरेसे सात वर्षं राष्ट्राध्यक्ष होता. त्याचा अहवाल कुणी लिहिला नाही. त्याच्यासाठी धून वाजवायला माणूस ठेवला नाही. ध्वनिफीत लावायचे, कर्ण्यातून. फितीला ओठ नसतात, श्वास नसतो. आजही तीच लावतात.

मी भंगारात गेलो होतो. साबिनाने मला भंगारवाल्याकडून एक पोतं वाळवलेल्या बटाट्यांवर सोडवून आणलं आणि चुलीवरच्या खिळ्याला टांगलं. तिकोनाने एकदाच मला तोंडाला लावलं. त्या ओठांतून नुसती हवा निघाली, माझ्या चपट्या तोंडातून तीही नीट बाहेर पडेना. त्याने मला परत टांगलं. नंतर अकरा वर्षं तो जगला, फार बोलला नाही. बोललेलं कळायचंही नाही.

दर लष्कर दिनाला शेजारच्या रेडिओवर ती फीत लागायची. गल्लीतले निवृत्त सैनिक, म्हातारे, कमरेत वाकलेले, ज्यांची पोरं याच लष्कराने नेली तेसुद्धा, ऐकताच दारात उभे राहून कपाळाला हात लावायचे. मी खिळ्यावरून बघायचो. तिकोना उंबऱ्यावर बसलेला असायचा. त्याचे दोन्ही हात मांडीवर असायचे, आणि ते तिथेच राहायचे.

मला सरळ करू नका. चकचकीत करून काचेत ठेवू नका. माझी मागणी छोटी आहे. छावणीच्या कपाटात चौकशीचा तो कागद अजून असणार. तुमच्यातलं कुणी कधी तिथे पोचलं, तर 'सवयीने' हा एक शब्द खोडा.